वाकडं अंगण

धान्य वाळवायची फरशी चौकोनी असते, निदान चौकोनाच्या जवळपास जाणारी असते. आमची ऐंशी फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. वडगाव रासाईत नवीन आलेला माणूस ती बघून हमखास विचारतो, इथं काही पाडलंय की काही बांधायचं राहिलंय? गावानं तिला ‘फलाट’ हे नाव देऊन टाकलंय, कारण माझा नवरा दौंडला रेल्वेत आहे. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. ती तशी माझ्यामुळं झाली.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. पत्र्याचे दाबलेले भाग माझ्या टेबलावर येतात. पत्रा सपाट आहे का, भोक जागेवर आहे का, कड वाकलेली नाही ना, हे मापानं बघायचं आणि शिक्का मारायचा. वाकडं असेल ते शोधणं, यासाठीच मला कंपनी पगार देते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

एका महिला दिनाला कंपनीनं आम्हा बायकांना बसमध्ये घालून पुण्याच्या एका मॉलमध्ये नेलं. वरच्या मजल्यावर बोलिंग होतं. गुळगुळीत लाकडी लेन, लांब टोकाला दहा पिना, हातात तीन भोकांचा जड चेंडू. बाकीच्यांनी चेंडू पोटाशी धरून फोटो काढले. मी टाकला. दहाही पिना पडल्या. दुसऱ्यांदा टाकला, नऊ पडल्या. तिथं शिकवणारा एक माणूस जवळ आला आणि विचारलं, “कुठं शिकलात?” म्हटलं, “कुठंच नाही.” माहेरी केंदूरला आडाचं पाणी ओढून हात तयार झाला होता, पण ते काही शिक्षण म्हणून सांगता येत नाही. तो म्हणाला, रविवारी या. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. आमच्याकडं त्या वयात बायका भिशी लावतात आणि गुडघ्याला तेल.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “आता क्रिकेट? ह्या वयात?” त्याला मोबाइलवर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “पडलेल्या पिना उभ्या कोण करतं?” म्हटलं, मशीन. त्यावर त्याचं समाधान झालं. रेल्वेच्या माणसाला एवढंच हवं असतं, की मागची व्यवस्था कुणीतरी बघतंय.

पाचव्या-सहाव्या रविवारी कोचनं मला सगळा मार्ग सांगितला. राज्याच्या निवडीत वर आलं की राष्ट्रीय स्पर्धा. राष्ट्रीय स्पर्धेत ज्या पहिल्या सहा जणी, त्या भारताच्या हौशी संघाच्या शिबिराला. हौशी म्हणजे सगळ्याच नोकरी-धंदा करून खेळणाऱ्या. एक दाताची डॉक्टर, एक बँकेतली, दोन शिक्षिका. त्याच्या मोबाइलमध्ये त्या सहा जणींचा फोटो होता, निळ्या जर्सीतला. मी तो मागून घेतला नाही, पण एकदा बघितला तो पुरला. मला ती जर्सी हवी होती. लग्न, नोकरी, मुलगी हे सगळं मला हवंच होतं, पण ते सगळ्यांनाच हवं असतं म्हणून हवं होतं. ही एकच गोष्ट अशी होती, की मला सोडून आसपासच्या कुणालाही नको होती.

अडचण साधी होती. त्या दाताच्या डॉक्टरला आठवड्यातून चार दिवस लेन मिळायची. मला एक रविवार, आणि ओव्हरटाइम लागला की तोही नाही. पहाटे स्कूटीवरून न्हावऱ्याला, तिथून कंपनीची बस, सातची शिफ्ट, घरी यायला पावणेपाच. मग म्हशीचं, चुलीचं, मुलीच्या अभ्यासाचं. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळं घरात हात चार. माझे दोन, आबांचे दोन. आबा म्हणजे माझे सासरे. नवऱ्याचे हात ड्यूटी संपल्यावर.

त्या दिवाळीनंतर आबा धान्यासाठी फरशी करणार होते, चाळीस बाय सोळा. बोलिंगची लेन रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत साठ फूट असते. अलीकडं धावत यायला पंधरा. मी जेवताना म्हटलं, “आबा, ऐंशी बाय आठ केली तर?”

आबांनी घास थांबवला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण जमिनीच्या हिशेबात त्यांना कुणी फसवू शकत नाही. म्हणाले, “शिमिट तेवढंच लागंल.” मग परत जेवायला लागले. का, कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. गवंडी आला तेव्हा काठीनं जमिनीवर दोन लांब रेघा ओढून दिल्या. गवंडी हसला, “आबा, ह्याच्यावर गाडी थांबवायची का काय?” आबा म्हणाले, “थांबली तर थांबली.”

नवऱ्याचंही सांगायला हवं. त्याची आठवड्याची सुट्टी बुधवारी असायची. ती त्यानं रविवारी करून घेतली, म्हणजे मी पुण्याला गेले तर मुलीजवळ कुणीतरी असावं. बदल्यात सणावारी दुसऱ्यांच्या पाळ्या तो करायचा. दोन दिवाळ्या आणि एक गुढीपाडवा त्यानं दौंडच्या यार्डात काढला. मला हे माहीत होतं आणि मी कधी विषय काढला नाही. सोयीच्या गोष्टीची माणूस फार चौकशी करत नाही.

रविवारी मी स्कूटी केडगाव स्टेशनला लावायची आणि पुण्याची गाडी पकडायची. बाकीचे दिवस फरशी. कोचनं एक रिटायर झालेला चेंडू दिला होता, चरे पडलेला. पलीकडच्या टोकाला भुशाची पोती रचली आणि उजव्या कोपऱ्यात एक वीट उभी केली. दहा पिनांतली शेवटची पिन उजव्या कोपऱ्यात मागं असते. पहिल्या चेंडूनं नऊ पडतात आणि ती एकटी उभी राहते, सासुरवाडीला रुसून बसलेल्या जावयासारखी. उजव्या हातानं खेळणाऱ्याला तीच नडते. कोच म्हणायचा, “राष्ट्रीयला जाणारा दहा नंबर चुकवत नाही.” म्हणून वीट. रोज पन्नास चेंडू. मुलगी उपड्या घमेल्यावर वही घेऊन बसायची आणि मान वर न करता आवाजावरून सांगायची, “लागली. लागली. न्हाई लागली.”

तीन-चार महिन्यांत दहातल्या आठ वेळा वीट पडायला लागली. मी खूश होते. आणि पुण्याला गेलं की पहिला दहा नंबर चुकायचा. दर वेळी. चेंडू पिनेच्या डावीकडून जायचा, बरोबर एक वीत अंतर ठेवून. दोन-तीन चेंडूंनी हात जुळायचा, मग ठीक. पण स्पर्धेत दर गेमला लेन बदलते, आणि नवीन लेन आली की माझा हात पुन्हा मूळपदावर.

कोचनं कारण शोधून काढलं. “मन स्थिर नाही तुमचं. घरचं टेन्शन घरी ठेवून यायचं.” मला राग आला. तिथं खेळणारे पुरुषही घरातूनच येत होते, आभाळातून पडत नव्हते, पण त्यांच्या चुकलेल्या पिनेला घर जबाबदार नसायचं. तरी मनातून मी त्याचं खरं मानलं. चेंडू चुकला की शोधायची, आज घरी काय राहिलं. मुलीला सर्दी होती. दूध तापवायचं आबांना सांगितलं नाही. नवऱ्याशी धड बोलले नाही. रोज काहीतरी सापडायचंच, कारण रोज काहीतरी राहिलेलं असायचंच. कोचनं ध्यान करायला सांगितलं. मी ते कंपनीच्या बसमध्ये करायची आणि रांजणगाव आल्यावर शेजारची उठवायची.

असं वर्षभराहून जास्त गेलं आणि राज्याची निवड आली, पुण्यालाच. शनिवारी शेवटचा गेम. शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे दोन चेंडूंच्या शेवटच्या डावात, मी पहिला चेंडू टाकला, नऊ पडल्या. दहा नंबर उभी. ती पाडली असती तर मी आत होते. मी सावकाश, मन एकदम स्थिर ठेवून चेंडू टाकला. एक वीत डावीकडून गेला.

माझ्या मागची एक विशीतली मुलगी आत गेली. तिनं येऊन माझे हात धरले आणि म्हणाली, “ताई, तुम्ही किती छान खेळता.” मी हात सोडवून घेतले आणि बूट काढायला बसले. बोलले असते तर चांगलं बोलले नसते.

परतीच्या गाडीत मी सगळ्या चुकलेल्या पिना मोजत बसले. केडगाव कधी गेलं कळलं नाही. दौंडला उतरले. नवऱ्याची पाळी तेव्हाच सुटली होती. मला फलाटावर बघून त्यानं चहा सांगितला. अर्धा चहा झाल्यावर मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “त्यांची लेनच वाकडी असंल.”

मी फाडकन म्हटलं, “नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सवय नाही मला.”

त्यानं चहाचे पैसे दिले. त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही घरी आलो. पूल ओलांडताना त्यानं एकदाच मान मागं वळवून विचारलं, “थंडी वाजतीय का?” मी नाही म्हटलं. वाजत होती.

त्यानंतर आठ दिवस मी चेंडूला हात लावला नाही. रविवारी घरीच होते. तूर झोडपायला झाली होती, म्हणून आबांनी फरशी धुवायला काढली. मी दारात उभी राहून दात घासत होते. आबांनी मधोमध बादली ओतली आणि पाणी उजवीकडं चालू लागलं. घाई न करता, सगळं मिळून, सरळ लिंबोणीच्या आळ्यात गेलं. एक थेंब डावीकडं गेला नाही.

मी आबांच्या हातातून दुसरी बादली घेतली आणि स्वतः ओतली. पाणी पुन्हा लिंबोणीला.

गवंडी तीन घरं सोडून राहतो. तशीच ब्रश हातात घेऊन गेले आणि त्याची पाणसळ मागून आणली. फरशीवर आडवी ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. खाली पत्र्याचे तुकडे सारत सारत मोजलं. आठ फुटाला एक इंच. साठ फूट जाईपर्यंत एवढा उतार चेंडूला साधारण वीतभर उजवीकडं नेतो. म्हणजे सव्वा वर्षाच्या जवळपास रोज पन्नास वेळा मी विटेच्या वीतभर डावीकडं नेम धरायला शिकत होते, आणि ते मला इतकं छान आलं होतं की नेम धरतेय हेही कळत नव्हतं. सरळ लेनवर चेंडू मी पाठवीन तिथंच जात होता.

गवंडी पाठोपाठ आला होता. त्याला विचारलं, “उतार कुणी ठेवायला सांगितला?”

त्याला प्रश्नच कळेना. “सांगायचं काय त्यात, वैनी? फरशीला उतार असतूच. सपाट केली आन् पाणी साचलं, तर गाव मला शिव्या घालंल.”

“आबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“म्हंजी काय. लिंबोणी तिथं लावली ती कशापायी?”

मी ओरडले. सासऱ्यांपुढं आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ. “सव्वा वर्ष वाया गेलं माझं! तुम्ही एकदा बोलला असता तर!” आबांनी ऐकून घेतलं. कोपऱ्यातल्या विटेकडं बघितलं, मग लिंबोणीकडं. म्हणाले, “तुझ्या चेंडूला सपाट लागतं, हे मला कुठं ठाऊक, सूनबाई. तू कवा बोललीस?”

खरं होतं. मी कधी बोलले नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे मी कधी मोजलं नव्हतं. रोज सात ते साडेतीन मी दुसऱ्यांचा पत्रा केसाएवढा वाकडा असला तर परत पाठवते. घरी येऊन जिच्यावर सगळा जीव लावला, त्या फरशीवर एकदाही पट्टी ठेवली नाही. घरातलं आहे म्हणजे सरळच असणार, असं मी धरून चालले. मला लाज वाटली. कोचलाही हे सांगितलं नाही. अंगण वाकडं होतं हे कुणाच्या तोंडावर सांगणार? खरं असलं तरी ते म्हणीसारखंच ऐकू येतं.

चौथ्या दिवशी शिफ्टवरून आले तर फरशीवर ओलं सिमेंट. गवंडी गुडघ्यावर बसून वरून थर देत होता आणि पाणसळ आबांच्या हातात होती. दर दोन फुटांवर ते ती टेकवून, चष्मा कपाळावर सारून बुडबुडा बघत होते. गवंडी कुरकुरत होता, “आबा, पाणी कुठं जाणार ह्याच्यावरचं?”

“जाईल कुठंतरी,” आबा म्हणाले. “पाण्याला पाय असत्यात.”

सासऱ्याला थँक्यू म्हणायची आपल्याकडं रीत नाही. त्या रीतीचा मी फायदा घेतला आणि आत जाऊन चहा ठेवला.

हात सुधारायला तीन महिने लागले. लागलेली सवय मोडणं हे नवीन शिकण्याहून कठीण, हे कुणीही दारू सोडलेला माणूस सांगेल. पण मोडली. पावसाळ्यात फरशीवर तळी साचायची. मी घरी आले की खराट्यानं माझ्यापुरती वाट मोकळी करायची आणि खेळायची. पुण्याला पहिला दहा नंबर पडायला लागला. कोच म्हणाला, “बघा, मन स्थिर झालं की नाही.” मी म्हटलं, “झालं, सर.”

दिवाळीनंतर एक किरकोळ गोष्ट झाली. नव्या बाजरीच्या भाकरीला कुबट वास यायला लागला. मी दोन-तीनदा कुरकुर केली. आबा म्हणाले, “पोतं जुनं असंल.” मी म्हटलं, “आबा, भरायच्या आधी जरा ऊन दाखवत जा धान्याला.” त्यांनी मान हलवली. नवरा ताटातून वर बघून काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. मला वाटलं, घास अडकला असेल.

त्या वर्षी राज्यातून माझी निवड झाली. आत गेले ती दहा नंबर पाडूनच. राष्ट्रीय स्पर्धा एप्रिलमध्ये बेंगळूरुला. मी वर्षाच्या सगळ्या रजा एकदम काढल्या. शेतातला कांदा तेव्हा निघत होता, चाळीत भरण्याआधी निवडायला फरशीवर ओतायचा होता. मी विचारलं, “कसं करायचं?” नवरा म्हणाला, “तू जा. आम्ही हाय ना.”

तिथं तीन दिवस खेळले. कुठं चुकले म्हणून सांगायला काही नाही. दहा नंबर दोनदाच चुकली, तीही इतरांच्या मानानं कमीच. पण ती दाताची डॉक्टर आणि तिच्यासारख्या पाच जणी माझ्याहून चांगल्या खेळल्या, त्यांच्यानंतर आणखी एक, आणि मग मी. आठवी. यादी भिंतीवर लागली तेव्हा मी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर, कारखान्यात वाचते तशी. ह्या खेपेला अंगण सरळ होतं. नाचताच तेवढं आलं नाही.

बेंगळूरुची गाडी दौंडवरूनच येते. रात्री नवऱ्याला फोन करून “आठवी” एवढंच सांगितलं होतं. तो म्हणाला, “बरं. मी येतो स्टेशनला.” गाडीत मी ठरवून टाकलं की आता पुरे. अडतिसावं लागलं होतं. हे त्याला दौंडच्या फलाटावर, चहा पिताना सांगायचं, असंही ठरवलं. वाक्यं तयार केली. सोलापूर सोडल्यावर त्याचा फोन आला. “मला यायला जमत न्हाई. तू ये एसटीनं.” मागं कसलातरी खरखर आवाज येत होता. त्यानं फोन ठेवून दिला.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तीन दिवस परमुलखात हरून आलेल्या बायकोला स्टेशनवर घ्यायला येत नाही म्हणजे काय? दौंडला चहा न पिताच एसटीत बसले. रस्ते ओले होते. दुपारी अवकाळी कोसळून गेला होता, बाभळीच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. फाट्यावरून घरापर्यंत बॅग आणि चेंडूची पिशवी घेऊन चालत आले. चेंडू सात किलोचा आहे. प्रत्येक पावलाला मी नवऱ्यासाठी एक वाक्य जोडत होते.

फरशी घोटाभर पाण्यात होती. त्या पाण्यात कांदा होता. वरून ताडपत्री घातलेली, पण पाणी खालून शिरलेलं, जायला वाट नव्हती. आबा धोतर वर खोचून फळीच्या तुकड्यानं पाणी कडेला ढकलत होते. नवरा खराट्यानं. तोच तो फोनमधला आवाज. दोघांनी ढकललेलं पाणी काही कडेवरून सांडत होतं आणि काही शहाण्यासारखं परत येत होतं. माझी बारा वर्षांची मुलगी घमेल्यात कांदे भरून ओट्यावर नेत होती.

“आई, हिकडून ये,” ती म्हणाली. “तिथं कांद्यावर पाय पडंल.”

मी बॅग खाली ठेवली. “असं कसं झालं?”

“व्हतंच की,” ती घमेलं उचलत म्हणाली. “बाजरीला तर ह्याच्याहून जास्त साचलं हुतं. तू कंपनीत हुतीस. आबा म्हणले, आईला नको...”

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. ती थांबली. पण मला कळायचं ते कळलं होतं. बाजरीला ऊन दाखवत जा, असं मी ज्यांना सांगितलं होतं, ते माझ्यासमोर पाण्यात उभे होते. मागल्या वर्षभरात किती वेळा, ते मी विचारलं नाही. साठ वर्षं हा माणूस पाण्याला वाट काढून देत आला होता, बांधावर, पाटात, गोठ्यात. आणि स्वतःच्या दारात, हातानं पाणसळ धरून, त्यानं ती वाट बुजवली होती.

आबांनी फळीवर रेलून श्वास घेतला. “कितवी आलीस?”

“आठवी.”

“घेत्यात किती?”

“सहा.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजी दोघीच म्होरं हायत.”

गाडीत तयार केलेलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. चप्पल काढली, साडी खोचली, दाराशी टेकवलेला दुसरा खराटा घेतला. दिवस मावळेपर्यंत आम्ही चौघं पाणी काढत होतो. निम्मा कांदा ओट्यावर गेला, उरलेला गुरांनाही घालता येणार नाही असा झाला. नवरा एकदाच बोलला, “स्टेशनला यायचं हुतं गं मला.” म्हटलं, “कळलं.”

संध्याकाळी मी भाकरी केल्या, त्याच बाजरीच्या. तव्यावर टाकली की वास उठत होता. ताटं वाढली. एरवी मी अर्ध्या भाकरीत उठायची. त्या दिवशी दोन खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “आबा, उद्या गवंड्याला बोलवा. उतार द्यायचा परत.”

आबा हात धुता धुता थांबले. “आन् तुझं? सोडलंस?”

मुलगीही बघत होती, नवराही. सोडायचं ठरवूनच मी आले होते.

“लिंबोणीकडंच द्या,” मी म्हटलं. “वीट मी वीतभर उजवीकडं सरकवीन. पण पाणसळ मी धरणार. आठ फुटाला एक इंच. वरती सूतभरसुद्धा नको.”